ढगाचं निवणं

आमच्या गावात, धर्मापुरीत, माझ्या नोकरीबद्दल दोन मतं होती. एक, मी मुंबईला फ्रिजच्या कामावर आहे. दुसरं, मी हैदराबादेत फुगे सोडतो. दोन्ही बऱ्यापैकी खरी होती, त्यामुळे मी कधी खोडून काढली नाहीत.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक दुर्बीण आहे, एक मीटर व्यासाच्या आरशाची. ती इमारतीवर बसवलेली नाही. भल्यामोठ्या फुग्याला टांगून ती एकतीसेक किलोमीटर उंचीवर पाठवायची, रात्रभर आकाश बघायचं आणि पॅराशूटने खाली उतरवायची, असा तिचा संसार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जपानी शास्त्रज्ञांनी बनवलेला वर्णपटमापक तिच्या मागे बसू लागला. त्यातला डिटेक्टर उणे 271 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावा लागतो. अशा यंत्रांत द्रव हेलियम भरणं आणि तो टिकवणं, हे माझं काम. मी शास्त्रज्ञ नाही. अंबाजोगाईत बी.एस्सी. केलं, पुढे औरंगाबादेत एम.एस्सी., आणि मग जे पोट भरलं ते हेलियम भरून. शोधनिबंध मात्र वाचत आलो, कारण रात्र रात्र जागून आपण कशासाठी पाइप धरून उभे आहोत हे कळायला हवं, असं मला वाटे.

आम्ही जे शोधत होतो ते 157.74 मायक्रॉन तरंगलांबीचं प्रारण. डोळ्यांना दिसतो त्या प्रकाशापेक्षा त्याची तरंगलांबी अडीचशे-तीनशे पट मोठी. ते येतं कार्बनच्या अशा अणूंकडून ज्यांचा एक इलेक्ट्रॉन गेलेला आहे. ताऱ्यांच्या मधल्या वायूच्या ढगांत, विशेषतः जिथे तरुण तारा शेजारच्या ढगाला भाजून काढतोय अशा कडेला, असा कार्बन भरपूर. कार्बनचा इलेक्ट्रॉन काढायला हायड्रोजनपेक्षा कमी ऊर्जा लागते. त्यामुळे हायड्रोजन शाबूत आणि कार्बन मात्र विद्युतभारित, असा एक पट्टा ढगाच्या अंगावर तयार होतो. आणखी आत गेलं की ताऱ्याचा अतिनील उजेड पोचत नाही. तिथे कार्बन ऑक्सिजनशी जोडी जमवून कार्बन मोनॉक्साइड होऊन बसतो.

ही किरणं कुलाब्यात बसून दिसणं शक्य नाही. हवेतली पाण्याची वाफ ती गिळून टाकते. डोंगरावर जाऊनही भागत नाही. 1980 साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी ही रेषा पहिल्यांदा टिपली ती एका छोट्या जेट विमानातून. आपल्याकडे विमान नव्हतं, हैदराबादचं बलून केंद्र होतं. एकतीस किलोमीटरवर नव्व्याण्णव टक्के हवा पायाखाली गेलेली असते.

हेलियम भरण्याचं काम बघायला सोपं वाटतं. आधी डेवार, म्हणजे निर्वात कवचाचं ते भांडं, द्रव नायट्रोजनने गार करून घ्यायचं. मग नायट्रोजन शेवटच्या थेंबापर्यंत हाकलायचा. आत थोडा जरी राहिला तर हेलियमच्या गारठ्याने त्याचा दगड होतो आणि नळी चोंदते. त्यानंतर हेलियमची ट्रान्सफर लाइन. तिचं एक टोक मोठ्या डेवारमध्ये हळूहळू, अगदी बोटाबोटाने उतरवायचं. सुरुवातीला दुसऱ्या टोकातून नुसता वायू सूं सूं करत येतो. नळी गार होत जाते तसा आवाज बदलतो, आणि मग टोकाशी एक पांढरी, घट्ट, वीतभर जीभ दिसू लागते. ती दिसली की समजायचं द्रव येतोय, आणि त्या क्षणी नळी डिटेक्टरच्या डेवारमध्ये सोडायची. हातात चामड्याचे मोजे, चेहऱ्यावर गॉगल. जोर जास्त झाला तर महागडा हेलियम वाफ होऊन छताला जातो, कमी झाला तर भांडं भरतच नाही. मला ते कानानेच जमे. मीटरकडे मी खात्री करण्यापुरता बघे.

इतकं करून मिळतं उणे 269. त्याखाली उतरायला पंप लावून वरची वाफ ओढत राहायची. ओढली जाणारी वाफ उरलेल्या द्रवातली उष्णता घेऊन जाते आणि द्रव आणखी निवतो. काचेच्या डेवारमध्ये हे बघायला मिळालं तर सोडू नये. खदखदणारा द्रव उणे 271 जवळ येताच एकाएकी शांत होतो, एक बुडबुडा उठत नाही. फुगा वर पोचला की बाहेरचा दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाइतका असतो, हेलियम गार राहायला त्याची मदतच होते.

एवढा उपद्व्याप कशाला, तर ऊबदार वस्तू स्वतःच या तरंगलांबीवर चमकते. मी चमकतो, डेवारची भिंत चमकते, आरसाही चमकतो. ढगाकडून येणारा अंश त्यापुढे नगण्य. निदान डिटेक्टरने तरी स्वतःच्या उबेत आंधळं होऊ नये, म्हणून त्याला गोठवायचं. आरशाचं काही करता येत नाही. म्हणून त्या वर्णपटमापकात दोन समांतर आडोसे असतात, त्यांच्यातलं अंतर केसाच्याही बारीक अंशाने बदलता येतं. अंतर बदललं की आत जाणारी तरंगलांबी बदलते. असं पुढेमागे करत राहिलं की पडद्यावर आरशाच्या उबेची एक आडवी, थरथरती रेघ उमटते आणि तिच्यावर कुठेतरी एक उंचवटा. तो उंचवटा म्हणजे ढग. लोकांना रंगीत फोटो हवा असतो. आमच्याकडे उंचवटेच होते.

या उंचवट्यामागे काय घडतं ते मला सांगता आलं पाहिजे अशी वेळ धर्मापुरीतच आली. गावी गेलो होतो तेव्हा शाळेतल्या सरांनी मुलांसमोर उभं केलं. मी तारे, धूळ, ढग असं सांगत गेलो आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, ढग एवढा गार म्हणता, मग त्याच्यातनं किरणं निघतात कामून?"

प्रश्न अचूक होता. गार म्हणजे निपचित, असं आपण धरून चालतो. पण उणे 263 अंशांना, म्हणजे अगदी काळोख्या ढगाच्या पोटातही, हायड्रोजनचा रेणू सेकंदाला तीनशे मीटरच्या वेगाने धावत असतो. तो कुणावर तरी आदळतो. भाजलेल्या कडेला कार्बनवर आदळला तर कार्बनच्या इलेक्ट्रॉनची मांडणी किंचित बदलते आणि तो एक पायरी वर चढतो. कार्बन मोनॉक्साइडवर आदळला तर तो रेणू गरगर फिरू लागतो. हे फिरणं मनमानी नसतं. फिरायचं नाही, एका ठराविक वेगाने फिरायचं, त्यापुढच्या ठराविक वेगाने फिरायचं, मधलं काही नाही. वर चढलेला कधीतरी खाली येतो आणि येताना फरकाएवढी ऊर्जा प्रारण म्हणून सोडतो. कार्बनसाठी 158 मायक्रॉन, कार्बन मोनॉक्साइडच्या पहिल्या पायरीसाठी 2.6 मिलिमीटर. पायरीची उंची ठरलेली म्हणून तरंगलांबीही ठरलेली.

खरी मेख आहे ती या 'कधीतरी'मध्ये. चढलेला कार्बन स्वतःहून खाली यायला सरासरी पाच दिवस घेतो. कार्बन मोनॉक्साइड पाचेक महिने. एवढ्या अवधीत दुसरा धक्का बसला तर? मी मुलांना आठवडी बाजार आठवायला सांगितला. सकाळी पालं ठोकायच्या वेळी चारच माणसं असतात. कुणाचा चुकून धक्का लागला तर "अहो, बघून चाला" असं म्हणायला सवड असते. भर दुपारी एकाचा धक्का लागून तोंड उघडेपर्यंत दुसरा धक्का बसतो आणि बोलायचं राहूनच जातं. ढगातही तसंच. वायू विरळ असेल तर प्रत्येक धक्क्यामागे एक किरण बाहेर पडतो. दाट असेल तर किरण सुटण्याआधीच पुढची टक्कर त्या अणूला खाली उतरवते, आणि ती ऊर्जा पुन्हा धावपळीतच जमा होते. दोन्हींच्या मधली जी घनता, तिथे कारभार पालटतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी ती घनसेंटिमीटरला दोनेक हजार रेणू, आपल्या कार्बनसाठी काही हजार. ऐकायला गर्दी वाटते, पण आपण श्वास घेतो त्या हवेत घनसेंटिमीटरला दोनावर एकोणीस शून्यं इतके रेणू असतात. ढगातली गर्दी ही पृथ्वीवरच्या बहुतेक निर्वातांपेक्षाही रिकामी.

म्हणजे रेषा किती ठळक आहे यावरून ढगात माल किती ते थेट कळत नाही. तापमान, दाटी आणि किरण बाहेर निसटण्याची शक्यता, तिन्ही एकत्र गुंतलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडचा किरण तर बरेचदा शेजारचाच रेणू गिळतो, पुन्हा सोडतो, पुन्हा कुणी गिळतो. असं होत होत बाहेर येईपर्यंत तो फक्त ढगाच्या वरच्या थराची खबर आणतो. आमच्या गटातले लोक महिनोन्‌महिने याच गुंत्यात असत. मी हेलियमची बिलं करत बसे.

शाळेतून घरी आलो तर थोरले चुलते, तात्या, ओसरीवर बसले होते. त्यांना शाळेतलं सगळं कळलेलं. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "बरं, धक्क्यानं उजेड निघतो म्हन्तोस. मंग त्यो ढग दर खेपेला जरा जरा गार व्हत आसंल. आजून गोठून कसा गेला न्हाई? त्याला ऊब कोन देतंय?"

हिशेब ठेवणारा माणूस असाच विचारणार. प्रत्येक किरण म्हणजे ढगाच्या खात्यातून गेलेला पैसा, तर जमा कुठून होते? मी सांगितलं ते असं. ढगात धूळ आहे, अगदी बारीक, काजळीसारखी कार्बनी आणि वाळूच्या जातीची. ताऱ्याचा अतिनील उजेड तिच्यावर पडला की धुळीच्या कणातून इलेक्ट्रॉन उडतो. तो इलेक्ट्रॉन हायड्रोजनला ढकलतो, हायड्रोजन कार्बनला, आणि कार्बन ती ऊर्जा 158 मायक्रॉनच्या रूपात बाहेर टाकतो. ढगाच्या अगदी आत उजेड पोचत नाही, तिथे वैश्विक किरण थोडीफार ऊब देतात. तात्या म्हणाले, "म्हंजी कार्बन नुसता हमाल." मला हे त्यांच्याइतकं नेमकं कधी जमलं नव्हतं.

हमालीची ही वाटणी मला ढगांच्या शास्त्रातली सगळ्यात अजब गोष्ट वाटते. ढगात जवळपास सगळा माल हायड्रोजनचा. कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू असेल तर हायड्रोजनचे दहा हजार. पण हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन सारखे अणू, दोन्ही टोकं समसमान, त्यामुळे फिरला तरी रेडिओ लहरी सोडायला त्याच्याकडे काही नाही. त्याची पहिली चढता येण्याजोगी पायरी 510 केल्विनच्या उबेएवढी उंच, आणि ढगात ऊब असते दहा केल्विनची, म्हणजे तेच उणे 263 अंश. तिथवर त्याला कोण चढवणार? धक्के द्यायचे हायड्रोजनने आणि दिसायचं कार्बन मोनॉक्साइडने. 1970 साली विल्सन, जेफर्ट्‌स आणि पेन्झियस यांनी ही 2.6 मिलिमीटरची रेषा शोधली तेव्हापासून आकाशगंगेतल्या थंड ढगांचे नकाशे याच अल्पसंख्य रेणूच्या भरवशावर निघाले. त्या आधी ढग होते, पण त्यांच्यामागचे तारे झाकले गेलेत यापलीकडे फार थोडं कळे.

आणि धक्के नसतानाही रेणू चढू शकतो, हेही सांगायला हवं. 1941 साली कॅनडात अँड्र्यू मॅकेलर यांनी तारकांच्या प्रकाशातल्या सायनोजेन या रेणूच्या रेषांचा हिशेब मांडला. रेणू इतक्या विरळ जागी होता की टकरा जवळजवळ नाहीत, तरी काही रेणू पहिल्या पायरीवर सापडले, जणू त्यांच्याभोवती 2.3 केल्विनची ऊब आहे. कुणी फार लक्ष दिलं नाही. 1965 मध्ये सबंध विश्वात भरून राहिलेलं पार्श्वप्रारण सापडलं आणि मग कळलं की रेणूंना ते चढवत होतं. चोवीस वर्षं उत्तर छापून तयार होतं आणि प्रश्न कुणी विचारला नव्हता. शास्त्राच्या इतिहासातली ही चुटपुट मला हेलियमच्या गळतीपेक्षा जास्त लागते.

आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटरच्या तीस तबकड्या. तिथे एकटा हायड्रोजनचा अणू पाहतात, 21 सेंटिमीटरवर. त्याचा इलेक्ट्रॉन उलटून खाली यायला सरासरी एक कोटी वर्षांच्या वर लागतात. इतक्या अवधीत ढगात टकरा भरपूर होऊन जातात, त्यामुळे तिथे वरखाली कोण किती हे टकराच ठरवतात. आमच्या कार्बनचे पाच दिवस त्यापुढे अगदीच घाईचे. खोडदवाल्यांना हेलियम लागत नाही, याचा मला हेवा वाटे.

पाठ्यपुस्तकं या सगळ्याला 'उत्तेजित होऊन प्रारण सोडणे' म्हणतात, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवा पेटल्याचं चित्र येतं. माझ्या मते हे चित्र दिशाभूल करतं. ढगाची चमक म्हणजे त्याचं निवणं. आणि निवल्याशिवाय त्याला पुढे काही करता येत नाही. ढग स्वतःच्या वजनाने आकसू लागला की तापतो. तापला की दाब वाढतो आणि आकसणं अडतं. ती उष्णता बाहेर टाकायला वाट असेल तरच तो आणखी आकसेल आणि त्यातून तारा होईल. ही वाट कार्बन, ऑक्सिजन आणि त्यांचे रेणू काढून देतात. विश्वाच्या सुरुवातीला कार्बन नव्हता, निववायला हायड्रोजनचा तो मुका रेणूच काय तो होता, आणि तोही अपुरा. म्हणूनच पहिले तारे सूर्याहून पुष्कळ जड असावेत असं शास्त्रज्ञ मानतात. आमच्या डेवारमध्ये पंप हेलियमची वाफ ओढतो आणि ढगात कार्बन किरण बाहेर टाकतो, दोन्हीकडे निघून जाणारा उष्णता घेऊन जातो. डिटेक्टर निववायचा तो ढगाचं निवणं बघायला, हे मला फार उशिरा ध्यानात आलं. तोवर अर्धी नोकरी झाली होती.

उड्डाणाची रात्र म्हणजे बहुतेक वेळ वाट बघणं. हेलियम भरून झालेला, तो घटत चाललेला, आणि जमिनीवरचा वारा थांबायचं नाव घेत नाही. फुग्यात हायड्रोजन भरायला घेतला की माघार नाही, म्हणून सगळे वाऱ्याकडे डोळे लावून. जमिनीवर फुग्याचा फक्त माथा भरतात, बाकी पातळ प्लॅस्टिक खाली लोंबत असतं. वर जाताना हवा विरळ होते तसा तो फुगत जातो. एकदा सुटला की माझं काम संपतं आणि पडद्यासमोरच्यांचं सुरू होतं. मृगशीर्षाकडून सुरुवात होऊन पहाटे पहाटे दक्षिणेच्या क्षितिजावर व्हेला तारकासमूह यायचा. तिथल्या आरसीडब्ल्यू 36 या तारे जन्मणाऱ्या ढगाचा याच दुर्बिणीने काढलेला कार्बनचा नकाशा 2021 साली प्रसिद्ध झाला. हैदराबाद पुरेसं दक्षिणेला आहे म्हणून तो ढग साधतो, युरोपातल्या बऱ्याच भागातून तो क्षितिजावर येतच नाही.

मग टेलिकमांड देऊन दोर सोडवायचा, पॅराशूट उघडतं, आणि गाड्या निघतात. मराठवाड्याकडे यंत्र उतरलं की मला बरोबर घेत, भाषा येते म्हणून. तुरीच्या नाहीतर ज्वारीच्या रानात रंगीत पॅराशूट पसरलेलं, मधे वाकडा झालेला सांगाडा, भोवती अख्खं गाव. कुणी पाकिस्तानचं म्हणतो, कुणी बॉम्ब. एका शिवारात पोलीसपाटलांनी दोरी बांधून कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं आणि आम्हालाच ओळखपत्र मागितलं. दुसऱ्या गावात आम्ही पोचेपर्यंत नटबोल्ट गेले होते आणि पॅराशूटचं कापड कडब्यावर झाकायला लागलं होतं. एका म्हाताऱ्या मावशीने डेवारला हात लावून विचारलं, "ह्ये गार कामून हाय?" मी तिला तिथेच बांधावर बसून ढगाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आन्‌ आमच्या तुरीचं काय?" तोही प्रश्न बरोबरच होता, आणि त्याचं उत्तर माझ्याबरोबर आलेल्या साहेबांना द्यावं लागलं.

म्हणून वाचकांना, विशेषतः बीड, लातूर, परभणी, नांदेडकडच्या, एवढंच सांगणं. तुमच्या रानात पॅराशूट आणि खोकं उतरलेलं दिसलं तर भिऊ नका, उघडूही नका, काही यंत्रांत जास्त दाबाची वीज असू शकते. खोक्यावर पत्ता आणि फोन लिहिलेला असतो. तो वाचा, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा, आणि गाडी येईपर्यंत पोरांना लांब ठेवा. सांभाळून ठेवणाऱ्याला बक्षीसही देतात.